कठड्यापुढची रिकामी जागा

सपोर्ट बँडच्या, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडच्या, गायकाने माइक हातात घेतला तेव्हा त्याच्यासमोर कोणीच नव्हतं. म्हणजे मैदान भरलेलं होतं, आम्ही हजारोंनी उभे होतो. पण आमच्या आणि त्याच्या मध्ये एक दुसरा कठडा होता आणि त्या कठड्यापासून स्टेजपर्यंत वीसेक पावलांची मोकळी जमीन. तिथे सात-आठ जण होते. दोघं स्टेजकडे पाठ करून सेल्फी काढत होते, एक जण खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. ती महागड्या तिकिटांची जागा. ज्यांनी ती तिकिटं घेतली होती ते मुख्य बँड सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी येणार होते, कारण घाई करायची त्यांना गरजच नव्हती. आम्ही मात्र दुपारपासून रांग लावून, फाटक उघडल्यावर पळत येऊन, त्या दुसऱ्या कठड्याला छाती टेकवून उभे होतो. गायकाने डोळ्यांवर हात आडवा धरून लांब आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिकडे मागे कोणीतरी आहे असं ऐकलंय." आम्ही जीव खाऊन ओरडलो. पण तोवर त्याने गाणं सुरू केलं होतं. पहिल्या दोन गाण्यांत त्या चार पोरांनी जे काही ओतलं, ते त्या रिकाम्या जमिनीत जिरून गेलं.

मी रॉकच्या कार्यक्रमांना जायला लागले त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात एक चष्मा, एक डावा बूट आणि वरच्या पट्टीतलं थोडं ऐकू येणं गमावून बसले आहे. (कानात बोळे घालायची अक्कल मला उशिरा आली. तुम्ही पहिल्या दिवसापासून घाला.) त्या अनुभवाच्या जोरावर माझं एक मत झालं आहे आणि ते वर्षागणिक पक्कंच होत चाललंय. बाल्कनी, बाजूच्या खुर्च्या, काचेमागच्या सोफ्यांच्या खोल्या हव्या त्या भावाने विका, माझी काही तक्रार नाही. स्टेजसमोरची उभं राहायची जागा मात्र जास्त पैसे मोजणाऱ्याला वेगळी काढून विकू नये. तिथे सगळ्यांना एकच दर असावा, तो परवडेल असा असावा आणि आत कोण जाणार हे रांगेने नाहीतर सोडतीने ठरावं.

न गेलेल्यांचा एक समज असतो, की पुढे आवाज चांगला येतो म्हणून लोक पुढे घुसतात. खरं तर अगदी पुढच्या कठड्यावर आवाज वाईट असतो. मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले, त्यांचा रोख तुमच्या डोक्यावरून मागे. तुमच्या वाट्याला येतो तो ड्रमचा थेट दणका, गिटारच्या ॲम्पचा भडिमार आणि गायकाचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न असतो, पण तो प्रयत्नच. नीट ऐकायचं असेल तर मैदानाच्या मध्यावर, सगळ्या आवाजांचा मेळ जिथे घातला जातो त्या मिक्सिंग डेस्कच्या आसपास उभं राहावं. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच सगळ्यांना देत असतो. म्हणजे सर्वांत महागडं तिकीट घेणारा ऐकण्याच्या हिशेबाने तोट्यातच जातो.

मग पुढे मिळतं काय? माझ्यासारखीला पहिलं उत्तर सोपं आहे: दिसतं. माझी उंची पाच फूट एक इंच. कठड्यापासून चार रांगा मागे गेले की माझा कार्यक्रम म्हणजे एका अनोळखी माणसाच्या जॅकेटची शिवण. पुढे असलं की गाणं वळण घेणार त्याच्या क्षणभर आधी बेसिस्ट मान वळवून ड्रमरकडे पाहतो ते दिसतं. तुटलेली तार बदलून दुसरी गिटार घेऊन वाकत धावत येणारा तंत्रज्ञ दिसतो, जमिनीला काळ्या पट्टीने चिकटवलेली गाण्यांची यादी दिसते. बास ड्रमचा ठोका कानाआधी छातीच्या हाडाला लागतो. हे सगळं खरं आहे, पण एवढंच असतं तर ती चैन ठरली असती आणि चैनीचे पैसे मोजायला हरकत नसावी.

आपण तिथून काय घेतो यापेक्षा तिथून काय दिलं जातं हे मला महत्त्वाचं वाटतं. स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांवर दिव्यांचा इतका मारा असतो की पहिल्या काही रांगांपलीकडे त्याला नुसता अंधार दिसतो. पन्नास हजारांच्या मैदानातही त्याला चेहरे दिसतात ते फार तर काही शे. गाणं चढतंय की पडतंय, पुढचं गाणं संथ घ्यावं की जोरकस, आता दोन शब्द बोलावेत की नकोत, हे तो त्या चेहऱ्यांवरून जोखतो. मागच्यांची दाद त्याच्यापर्यंत येते, पण येते ती गाळून आणि उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्यांपर्यंत ठेका पोचायलाच पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणून मोठ्या मैदानात टाळी एकदम पडत नाही. ती पुढून सुरू होते आणि वारा पिकावरून सरकावा तशी मागे सरकत जाते. बाजूच्या चढावरून मी हे एकदा पाहिलं आहे, हजारो हात लाटेसारखे वर जाताना. आता ही लाट जिथून उठायची तिथेच हाताची घडी घातलेली माणसं उभी केली तर? शेवटच्या रांगेतल्या, सर्वांत स्वस्त तिकिटाच्या माणसाचाही कार्यक्रम त्यामुळे फिका पडतो. पुढची जागा विकणं हा म्हणूनच विकणारा आणि घेणारा या दोघांपुरता व्यवहार राहत नाही.

जागा अशी तुकड्या-तुकड्यांनी विकायची पद्धत फार जुनी नाही. एके काळी मोठमोठ्या कार्यक्रमांनाही सगळीकडे एकच दर असे, फार तर दोन. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या कार्यक्रमांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की १९९६ ते २००३ या काळात तिकिटाचा सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढला. त्याच काळात एकूण महागाई वाढली १७ टक्क्यांनी. क्रूगर यांनी त्याचं कारणही सांगितलं. पूर्वी कार्यक्रम हे रेकॉर्ड खपवण्याचं साधन होतं, त्यामुळे तिकीट स्वस्त ठेवणं परवडायचं. गाणी इंटरनेटवर फुकट फिरू लागली आणि तो टेकू निघाला. गायक डेव्हिड बोवीने २००२ मध्येच सांगून टाकलं होतं, की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा कलाकारांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी. क्रूगर यांनी आपल्या मांडणीला बोवीचंच नाव दिलं.

म्हणजे बँडला पैसा लागतो, आणि तो आता दौऱ्यांतूनच येतो, हे मला मान्य आहे. पण कोणाला लागतो तेही पाहा. याच क्रूगर यांचा दुसरा आकडा असा, की कार्यक्रमांच्या एकूण कमाईत सर्वांत वरच्या १ टक्का कलाकारांचा वाटा १९८२ मध्ये २६ टक्के होता, तो २००३ मध्ये ५६ टक्के झाला. पुढची जागा वेगळी काढून विकतात ते हे वरचे. छोट्या क्लबात दीडशे लोकांपुढे वाजवणाऱ्याला कठडाच नसतो, तो विकणार काय? उपाशी कलाकाराचं नाव पुढे करून जी गोष्ट रेटली जाते, तिचा एक छदामही त्याच्यापर्यंत जात नाही.

आता गंभीर आक्षेप. राखीव नसलेली जागा म्हणजे रेटारेटी, रेटारेटी म्हणजे मृत्यू, असं म्हणणारे लोक असतात आणि त्यांच्याकडे दाखवायला प्रेतं आहेत. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. १९७९ च्या ३ डिसेंबरला अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण गेले. अठरा हजारांवर तिकिटं विकली होती आणि त्यातली बहुतेक बिनराखीव, आधी येईल त्याची पुढची जागा. बाहेर थंडीत तासन् तास थांबलेली गर्दी, उघडलेले दरवाजे मोजकेच. आतून आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असं मागच्यांना वाटलं आणि त्यांनी रेटा दिला. शहराने बिनराखीव जागांवर बंदी घातली ती २००४ पर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत बेभान, माजलेल्या पोरांनी एकमेकांना तुडवलं असा सूर होता. नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने पुढे साक्षी-जबाब तपासले तेव्हा चित्र वेगळं निघालं. शक्य होतं तिथे लोक एकमेकांना उचलत होते, सावरत होते. तुडवातुडवीची गोष्ट पुराव्यांत बसत नव्हती. आणि ज्या एका बाबीकडे मी परत परत जाते ती ही, की माणसं मेली ती स्टेजसमोर नव्हे, दरवाज्याबाहेर. तिथे तिकिटाचा दर काहीही असता तरी ते दरवाजे तेवढेच उघडले असते.

गर्दीला स्वभाव नसतो, घनता असते. जॉन फ्रुइन या अभियंत्याने लिहून ठेवलंय, की एका चौरस मीटरमध्ये सात-एक माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागायला लागते. त्यात धक्क्याच्या लाटा फिरतात आणि एकट्या माणसाच्या हातात काही उरत नाही. मी अशा गर्दीत एकदाच सापडले. पाय जमिनीला लागत नव्हते. हात कोपरात दुमडून छातीपुढे धरायचे म्हणजे श्वासापुरती जागा राहते, एवढं कोणीतरी पूर्वी शिकवलेलं होतं म्हणून बरं. सबंध एक गाणं मी माझ्या इच्छेविना डावीकडे गेले आणि परत आले. शेजारचा मुलगा गात होता. मग थांबला आणि मला म्हणाला, "मला श्वास घेता येत नाहीये." अगदी शांतपणे, वेळ विचारल्यासारखा. आम्ही चौघांनी त्याला वर ढकललं, डोक्यांवरून हातोहात पुढे नेलं आणि कठड्यापलीकडच्या रक्षकांनी खाली घेतलं. आयोजकांनी त्या मैदानात किती माणसं सोडली होती ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा दुसरा कठडा हवाच. त्याच्या विरोधात मी नाही. फक्त तो कशासाठी, हा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर डेन्मार्कमध्ये मिळतं. ३० जून २००० या दिवशी रोस्किल्ड संगीत महोत्सवात पर्ल जॅम हा अमेरिकी बँड वाजवत असताना स्टेजसमोरच्या रेट्यात ९ तरुण गेले. पावसाने जमीन निसरडी होती; एक पडला, त्याच्यावर दुसरा. महोत्सव बंद पडला नाही, बिनराखीव जागाही बंद झाली नाही. स्टेजसमोर कठड्यांनी आखलेले कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात ठरावीक माणसं, बाजूने आत यायचं, भरला की फाटक बंद. ज्याला त्यात जायचंय त्याने रांग लावायची. वेगळे पैसे नाहीत. इथेही दुसरा कठडा आहे, इथेही मोजून माणसं घेतात, आणि हाच कठडा दुसरीकडे तिप्पट दराची सीमारेषा होतो. महागडी जागा सुरक्षेसाठी आखली आहे असं कोणी सांगायला लागलं की मी रोस्किल्डचं नाव घेते. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

एक योगायोग मनात राहिला आहे. बरोबर सहा वर्षं आधी, १९९४ च्या ३० जूनला, याच पर्ल जॅममधले दोघं, स्टोन गोसार्ड आणि जेफ आमेंट, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तिकिटांच्या दरांबद्दल साक्ष द्यायला बसले होते. तिकीट वीस डॉलरच्या आत राहावं आणि त्यावरचं सेवाशुल्क दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. तिकीटविक्रीच्या मक्तेदारीची चौकशी सरकारने १९९५ मध्ये गुंडाळली. त्या मक्तेदारीवर अमेरिकी न्याय खात्याने खटला भरला तो २०२४ मध्ये. मधल्या काळात तिशीच्या आसपासचे ते दोघं साठीच्या आसपास आले.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो करणारे लोक हुशार असतात. तुम्ही दर कमी ठेवलात तर फरक दलालांच्या खिशात जाईल, त्यापेक्षा बँडनेच घ्यावा. वरवर बिनतोड वाटतं. मागणीप्रमाणे दर हलते ठेवण्याची पद्धत याच युक्तिवादावर उभी आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर ओॲसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मीलनाची तिकिटं विक्रीला आली. उभं राहायचं तिकीट सुमारे दीडशे पौंडांना जाहीर झालेलं. लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत बसले आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्याच तिकिटासमोर आकडा होता साडेतीनशेच्या वर. घ्यायचं की नाही हे ठरवायला मिनिटं. बँडने सांगितलं की दरांचं सगळं आम्ही आयोजकांवर सोपवलं होतं. ते खरंही असेल, पण दलाल नको म्हणून दलालाचंच काम अंगावर घ्यायचं, हा काय उपाय झाला? चाहत्याच्या खिशातून गेलेले दोनशे पौंड कोणाच्या खिशात पडले याने त्याचा खिसा भरत नाही.

दलालाला रोखायचे मार्ग आहेत, ते वापरायची इच्छा लागते. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्त दराने परत विकायला बंदी केली. द क्युअर या बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात हलते दर नाकारले, काही जागा वीस डॉलरला ठेवल्या आणि जिथे कायदा आड येत नव्हता तिथे तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायची सोयच काढून टाकली. ज्याला येता येत नाही त्याने मूळ किमतीलाच परत करायचं. मग लोकांच्या लक्षात आलं की वीस डॉलरच्या तिकिटावर शुल्कच त्याहून जास्त लागतंय. स्मिथ जाहीरपणे भडकला. विक्री करणाऱ्या कंपनीने स्वस्त तिकिटवाल्यांना प्रत्येकी दहा आणि इतरांना पाच डॉलर परत केले. रक्कम किरकोळच. पण "बाजारच असा आहे, आम्ही काय करणार" असं म्हणत कानावर हात ठेवणाऱ्या इतर सगळ्यांची त्याने पंचाईत करून ठेवली. ओठांना लाली फासलेला, साठी पार केलेला एक माणूस हट्टाने बसला आणि गोष्ट हलली.

माझ्या बाजूचीही एक कच्ची कडी आहे, तिच्याबद्दल बोलायला हवं. रांग न्याय्य असते का? मी रांगेची भक्त आहे. रांगेत झालेल्या ओळखी वीस-वीस वर्षं टिकल्या आहेत. पण दहा तास फाटकापुढे बसायला ज्याच्याकडे दहा तास आहेत तोच बसू शकतो. रात्रपाळी करून आलेली नर्स, तान्हं मूल घरी ठेवून आलेली आई, गुडघे गेलेला साठीचा माणूस, ज्याने हा बँड पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, हे काय रांग लावणार? विशीत मला हे सुचलंही नव्हतं. "हवं असेल तर ये लवकर" एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं. आता माझेच गुडघे बोलायला लागले आहेत, त्यामुळे विचार सुधारला, असं म्हणा. वेळ हीसुद्धा किंमतच. फक्त पैशापेक्षा ती जरा समान वाटली गेली आहे, एवढाच तिचा मोठेपणा.

म्हणून सोडत. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमांना ही पद्धत होती आणि ती साधी होती. मैदानाचं तिकीट असलेल्यांनी ठरलेल्या वेळेपर्यंत यायचं आणि क्रमांक छापलेला मनगटपट्टा घ्यायचा. मग एक क्रमांक काढायचा. तिथून रांग सुरू. पहाटेपासून आलेला मागे पडू शकतो, शेवटच्या मिनिटाला धापा टाकत आलेली नर्स कठड्यावर पोचू शकते. रात्रभर फुटपाथवर झोपायचं कारणच उरत नाही, आणि सगळ्यांना आपला क्रमांक ठाऊक असल्यामुळे दारात रेटारेटीही होत नाही. सिनसिनाटीच्या रोगावर इतकं स्वस्त औषध.

आणि याच स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्याची तिकिटं २०२२ मध्ये विक्रीला आली तेव्हा हलत्या दरांनी काही तिकिटं पाच हजार डॉलरच्या घरात गेली. त्याच्या चाहत्यांनी १९८० पासून चालवलेलं 'बॅकस्ट्रीट्स' हे नियतकालिक पुढच्या वर्षी बंद झालं. संपादकांनी कारण लपवलं नाही: या दरांनंतर पूर्वीच्या मनाने लिहिता येईना. ४३ वर्षं माणसं एकाच गायकाबद्दल लिहीत होती. त्यांना त्याचं एखादं पडेल गाणं चाललं, वाईट अल्बम चालले, म्हातारपण चाललं. हे चाललं नाही.

उलट उदाहरण यू-टू या बँडचं. २००१ च्या दौऱ्यात त्यांनी हृदयाच्या आकाराचा रॅम्प बांधला. त्याच्या पोटात काहीशे माणसं उभी राहू शकत आणि तिथे जाण्याचं तिकीट होतं ४५ डॉलरचं, आधी येईल त्याला. महागडी तिकिटं १३० डॉलरची, आणि ती खुर्च्यांची. ज्याला पैसे आहेत त्याने आरामात बसून पाहावं, ज्याला वेड आहे त्याने पुढे यावं. खर्च भागला, मैदानं भरली, आणि बँडच्या डोळ्यांसमोर सबंध दौराभर वेडेच होते. मला ही मांडणी इतकी सरळ वाटते की ती नेम का झाली नाही याचंच नवल वाटतं.

मी स्वतः एकदा ते महागडं तिकीट घेतलं आहे. सांगून टाकते, नाहीतर आमच्यातलं कोणीतरी सांगेलच. पन्नाशी जवळ आलेली, बँड बहुधा शेवटचा दौरा करत होता, आणि मनात म्हटलं, एकदा घेऊन तर बघू. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, नळकांड्यात गुंडाळलेलं पोस्टर मिळालं, वेगळं फाटक मिळालं. जागा ऐसपैस. दोन्ही हात पसरले तरी कोणाला लागत नव्हते. शेजारचे लोक चांगले होते, त्यांना खलनायक करायचं नाही. पुष्कळांना सगळी गाणी पाठ होती. पण गाणं सुरू झालं की जो तो आपापल्या जागेवर उभा राहून फोनमध्ये ते साठवत होता. विकत घेतलेली वस्तू नीट बांधून घरी न्यावी तसं. कोणी हलेना. मीही हलले नाही. मागून एक मुलगी माझ्या खांद्याशी आली, तिला थोडं पुढे व्हायचं होतं. एरवी मी कूस वळवून वाट दिली असती, माझ्याहूनही बुटकी होती ती. त्या दिवशी माझ्या मनात आलं, मी एवढे पैसे भरलेत. आणि शेवटी बँड माझं लाडकं गाणं न वाजवताच निघून गेला तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत कितीदा तरी ते गाणं वाजलं नव्हतं, कधी वाईट वाटलं होतं, पण फसवल्यासारखं? घरी जाताना मी मनातल्या मनात तिकिटाला गाण्यांच्या संख्येने भागत होते.

त्याच्या शेजारी मला ती बुटाची रात्र ठेवावीशी वाटते. स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात त्या मॉशपिटच्या कडेला होते, धक्का लागला, पडले. गुडघे जमिनीला टेकायच्या आत दंडाखाली हात आले. किती जणांचे ते कळलं नाही, चेहरे पाहिले नाहीत. तिथला अलिखित नियमच तो: पडलेल्याला उचलायचं, मगच पुढची उडी. गाणं संपलं तशी सगळीकडून माणसं सापडलेल्या वस्तू डोक्यावर धरून ओरडायला लागली. एक फोन, एक चष्मा, तीन वेगवेगळे बूट. माझा त्यात नव्हता. पण चौघांनी गुडघ्यांवर बसून पुढच्या गाण्यापर्यंत तो शोधला. एका मोज्यावर घरी गेले.

तेव्हा माझं मागणं फार नाही. उभं राहायच्या जागेचा एकच दर जाहीर करा आणि विक्री संपेपर्यंत तो हलवू नका. दुसरा कठडा ठेवा, आत किती माणसं ते मोजून ठेवा, फाटकावर त्या आकड्याची पाटी लावा. पुढे जायचं असेल तर रांग किंवा सोडत. व्हीलचेअरवाल्यांसाठी, उभं राहू न शकणाऱ्यांसाठी स्टेज दिसेल असा उंच ओटा त्याच दरात बांधा. तोही पुष्कळ ठिकाणी मैदानाच्या टोकाला, विचार नंतर सुचल्यासारखा असतो. यात आयोजकांचं नुकसान होईल, हे उघड आहे. ते खुर्च्यांच्या दरात भरून काढा. सोफ्यांच्या खोल्या दुप्पट करा, माझी ना नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या कार्यक्रमाची रात्र संपता संपता शेवटच्या गाण्याच्या आधीच पुढच्या जागेतली बरीच माणसं गाड्या काढायला निघून गेली होती. दुसऱ्या कठड्यावर आमची दाटी तशीच. माझ्या डाव्या हाताला दुपारपासून एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी होती, सपोर्ट बँडचीही सगळी गाणी तोंडपाठ असलेली, घसा बसलेला. दिवे लागले, स्टेजवर माणसं तारा गुंडाळायला लागली. त्यांतल्या एकाने वाकून जमिनीवरची गाण्यांची यादी खरवडून काढली. पुढच्या कठड्यावर उरलेल्या दोघा-तिघांनी हात पुढे केले. त्याने पाहिलं, पायऱ्या उतरून खाली आला, त्यांच्या बाजूने गेला, ती वीस पावलं तुडवत आमच्याकडे आला आणि कागद तिच्या हातात दिला. चारही कोपऱ्यांना काळी चिकटपट्टी तशीच लटकत होती.